‘मॅडम, प्रोग्रॅम चालतच नाही’: लिनक्सवर पहिला प्रोग्रॅम अडतो तेव्हा

सत्र सुरू झालं की पहिले दोन-तीन आठवडे संध्याकाळी माझा फोन थांबत नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं मी घेते. लॅबमध्ये सगळ्यांकडून सीचा, पायथनचा, जावाचा एकेक छोटा प्रोग्रॅम करून घेतलेला असतो. मुलं घरी जातात, जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलेलं असतं, वहीतलं पाहून तोच प्रोग्रॅम लिहितात आणि मग फोन येतो: ‘मॅडम, प्रोग्रॅम चालतच नाही.’

या एका वाक्याखाली निदान दहा वेगवेगळे आजार असतात. म्हणून मी आधी काहीच सुचवत नाही. ‘स्क्रीनवर काय आलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखव’ एवढंच सांगते. वाचून झालं की दुसरा प्रश्न: ‘हे बोलतंय कोण?’

हा प्रश्न मुलांना विचित्र वाटतो. अडचण सुटते ती मात्र बहुतेक वेळा याच प्रश्नाने. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, तुमच्याशी एकटा संगणक बोलत नसतो, चौघे बोलत असतात. पहिला शेल, म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ वाचणारा. दुसरा कर्नेल, म्हणजे फाइल उघडून ती खरोखर चालवायला घेणारा; तो स्वतः काही लिहीत नाही, त्याचा नकार शेल तुमच्यापर्यंत पोचवतो. तिसरा कंपायलर किंवा इंटरप्रिटर, म्हणजे तुमच्या कोडचं मशीनसाठी भाषांतर करणारा. चौथा तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम. बहुतेक संदेशांच्या सुरुवातीलाच बोलणाऱ्याचं नाव असतं. ‘बॅश:’ (उबुंटूवरच्या नेहमीच्या शेलचं नाव) असं असेल तर तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळसुद्धा अजून कुणी वाचलेली नाही, मग अर्धविराम शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘हॅलो.सी:५:’ असं असेल तर कंपायलर बोलतोय आणि पाचव्या ओळीकडे बोट दाखवतोय. ‘ट्रेसबॅक’ दिसलं तर पायथन.

एक खूणगाठ: या लिखाणात कमांड मी फोनवर सांगते तशाच दिल्या आहेत, ऐकू येतात तशा नागरीत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे मी मुद्दाम सांगेन.

‘कमांड नॉट फाउंड’

सर्वांत जास्त फोन याचे. मुलाने बरोबर टाइप केलेलं असतं (जीसीसी म्हणजे सीचा कंपायलर):

जीसीसी हॅलो.सी -ओ हॅलो

काही तक्रार न येता पुढची ओळ येते. म्हणजे कंपायलर खूश आहे, हॅलो नावाची फाइल तयार झाली आहे. मग मुलगा नुसतं ‘हॅलो’ टाइप करतो आणि शेल म्हणतो, अशी कमांड नाही. एलएस, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी, केलं तर फाइल समोर दिसते! पोरं इथे खरोखर वैतागतात.

शेल कमांड शोधतो ती पाथ नावाच्या यादीत लिहिलेल्या फोल्डरांमध्येच. तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये बसला आहात ते त्या यादीत नसतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टची सवय असलेल्याला हे खटकतं, कारण तिथे चालू फोल्डर आधी पाहिलं जातं. लिनक्सची पद्धत युनिक्सकडून आलेली. एका मशीनवर अनेक जण काम करायचे. सगळ्यांना लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये कुणी एलएस नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवून गेला, आणि तुम्ही तिथे जाऊन सहज एलएस केलं, तर काय चालेल? म्हणून नियम असा की इथला प्रोग्रॅम हवा असेल तर ‘इथला’ हे स्पष्ट सांगा:

./हॅलो

डॉट स्लॅश हॅलो. डॉट म्हणजे ‘हे फोल्डर’. पाथमध्येच डॉट टाकून द्यायचा सल्ला एखादा सीनियर देतो. तो ऐकू नका. आज दोन अक्षरं वाचतील, पण पुढे सर्व्हरवर काम करताना ही सवय महागात पडते.

याच घरातला एक आजार मात्र काहीच संदेश देत नाही, म्हणून तो जास्त छळतो. मागच्या वर्षी एका मुलीने रात्री साडेनऊला फोन केला. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालवला की काहीच येत नाही, चूकसुद्धा नाही. प्रिंटएफ तीनदा तपासलेलं. तासभर ती त्यात अडकली होती. मी फाइलचं नाव विचारलं. ‘टेस्ट.’ मग सगळं लक्षात आलं. टेस्ट ही शेलची स्वतःचीच कमांड आहे. अट खरी की खोटी एवढं पाहून ती गप्प परत येते. ती मुलगी टाइप करत होती ‘टेस्ट’ आणि शेल आपली टेस्ट चालवत होता, हिचा प्रोग्रॅम तिथेच पडून. डॉट स्लॅश लावल्याबरोबर नमस्कार उमटला. पहिल्या प्रोग्रॅमला टेस्ट हे नाव द्यायचा मोह सगळ्यांना होतो. देऊच नका.

आणि जीसीसी हीच कमांड सापडत नसेल तर? तेव्हा कंपायलर बसवलेलाच नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज टाका; त्यात कंपायलरबरोबर एसटीडीआयओसारख्या हेडर फाइलही येतात. नुसतं जीसीसी टाकलं तर कधीकधी एसटीडीआयओ.एच सापडत नाही अशी पुढची तक्रार येते, ती टळते. पायथनचं वेगळं: पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतरच्या बऱ्याच उबुंटूंवर ‘पायथन’ नावाची कमांडच नसते, ‘पायथन३’ असते. जुन्या वह्यांमधून, जुन्या व्हिडिओंमधून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

‘परमिशन डिनाइड’

इथे फाइल सापडली आहे, पण ती चालवण्याची परवानगी तिच्यावर लिहिलेली नाही. लिनक्स फाइलच्या शेपटावरून, म्हणजे .पीवाय किंवा .एसएचवरून काही ठरवत नाही. ‘चालवता येईल’ अशी एक खूण फाइलवर असावी लागते. जीसीसीने बनवलेल्या फाइलवर ती आपोआप लागते. तुम्ही एडिटरमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टवर ती हाताने लावायची:

सीएचमॉड +एक्स नमस्कार.पीवाय

इथे मुलं दोन चुका करतात. पहिली, समोर सुडो (मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून पाहणं. परवानगी नाही म्हणतोय ना, मग मालक होऊन चालवू! पण चालवायची खूणच नसेल तर सुडोलाही ती फाइल चालवता येत नाही, आणि वर त्याचा संदेश ‘कमांड नॉट फाउंड’ असा येतो. म्हणजे अडचण होती परवानगीची आणि शोध सुरू होतो भलत्याच गोष्टीचा. स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम चालवायला सुडो कधीच लागत नाही.

दुसरी चूक: ./हॅलो.सी असं मूळ फाइललाच चालवायला जाणं. परवानगी नाही म्हटल्यावर तिला सीएचमॉड लावतात, पुन्हा चालवतात आणि संदेश येतो की तिसऱ्या ओळीत कंसापाशी सिंटॅक्स चुकलंय. मुलगा फोनवर म्हणतो, ‘मॅडम, पहिली ओळ तर पास झाली, मेनमध्ये चूक आहे.’ पाहा, बोलतंय कोण? बॅश. कर्नेलला ही फाइल ओळखीची वाटली नाही, त्याने नकार दिला, तेव्हा बॅशने ती शेलची स्क्रिप्ट समजून वाचायला घेतली. इन्क्लूडची ओळ # ने सुरू होते. शेलच्या भाषेत ती टिप्पणी, म्हणून निमूट पार झाली. ‘इंट मेन’पुढचा कंस आला तेव्हा तो अडखळला. सीच्या कंपायलरने ही फाइल पाहिलेलीच नाही.

सीएचमॉड करूनही परवानगी मिळत नसेल तर विचारा की फाइल आहे कुठे. पेनड्राइव्हवर असेल, तर त्यावर बहुधा फॅट पद्धतीची मांडणी असते आणि तीत लिनक्सच्या परवानग्या लिहून ठेवायला जागाच नसते. फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथे सीएचमॉड करा. बस.

फाइल समोर आहे, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’

हा माझ्या मते सगळ्यांत फसवा संदेश. फाइल दिसते, परवानगी आहे, डॉट स्लॅश लावलंय, आणि तरी अशी फाइलच नाही म्हणे. लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम घरी चालत नाही तेव्हा दर वेळी मला आधी हाच संशय येतो.

आधी पहिल्या ओळीचं काम समजून घेऊ. पायथनच्या स्क्रिप्टच्या माथ्यावर आपण लिहितो:

#!/यूएसआर/बिन/ईएनव्ही पायथन३

कर्नेल फाइलचे पहिले दोन बाइट पाहतो. ते # आणि ! असतील तर उरलेली ओळ म्हणजे ‘ही फाइल अमक्याकडे वाचायला द्या’ अशी चिठ्ठी. ही सोय डेनिस रिची यांनी १९८० साली युनिक्समध्ये आणली. चिठ्ठी शब्दशः वाचली जाते, ओळ संपेपर्यंत. आणि गोम तिथेच आहे.

विंडोजवरचे बरेच एडिटर ओळीच्या शेवटी दोन अक्षरं लिहितात: क्रमांक १३ आणि क्रमांक १०. जुन्या टेलिप्रिंटरवर पहिल्याने छापणारा भाग डावीकडे परत न्यायचा, दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरकवायचा. लिनक्स ओळ संपवायला फक्त १० लिहितो. त्यामुळे विंडोजवर लिहिलेली चिठ्ठी लिनक्स वाचतो तेव्हा त्याला ‘पायथन३’ ऐवजी ‘पायथन३ आणि त्याला चिकटलेलं १३ क्रमांकाचं न दिसणारं अक्षर’ असं नाव मिळतं. त्या नावाचा प्रोग्रॅम मशीनवर नाही. सापडलं नाही ते हे, तुमची फाइल नव्हे. संदेश नीट पाहिलात तर नावापुढे उलटा स्लॅश आणि ‘आर’ किंवा ^एम दिसेल. तेच ते अक्षर.

ओळखायची पक्की खूण सांगते: ‘पायथन३ नमस्कार.पीवाय’ असं चालवलं तर चालतं आणि ‘./नमस्कार.पीवाय’ चालत नाही. कारण पायथनला स्वतःला दोन्ही तऱ्हेच्या ओळी चालतात, जीसीसीलाही चालतात. अडतं ते चिठ्ठी वाचण्यापाशी. खात्री करायची तर:

फाइल नमस्कार.पीवाय

‘फाइल’ ही कमांडच आहे. उत्तरात सीआरएलएफ (१३ आणि १० ही जोडी) असा उल्लेख आला की आजार सापडला. उपाय ‘डॉस२युनिक्स’ ही कमांड, ती पॅकेज म्हणून टाकावी लागते. व्हीएस कोड वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात सीआरएलएफ लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करून एलएफ (नुसतं १०) निवडा आणि सेव्ह करा. शेल स्क्रिप्टला हाच आजार झाला तर तो अधिक उग्र दिसतो, रिकाम्या ओळींवरसुद्धा ‘कमांड नॉट फाउंड’ येत राहतं. इलाज तोच.

चिठ्ठीच नसेल तर? मग पुन्हा वरच्यासारखं, बॅश ती फाइल आपली समजून वाचतो आणि ‘इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. काही मशीनवर तर याहून अजब घडतं. इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर इम्पोर्ट ही खरोखरची कमांड असते, पडद्याचं चित्र टिपणारी. मुलगा पायथनचा प्रोग्रॅम चालवतो आणि माउसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा होऊन बसतो. व्हायरस आला म्हणून घाबरलेल्या मुलांचे फोन मी घेतले आहेत. व्हायरस नाही, पहिली ओळ राहिली आहे. कंट्रोल-सी दाबा आणि ती ओळ लिहा. ती फाइलची अगदी पहिली ओळ असली पाहिजे, वर एकही रिकामी ओळ किंवा तुमचं नाव-रोल नंबर नको.

शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. उबुंटूवर २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा दुसरा शेल. दुहेरी चौकोनी कंस, अॅरे ही बॅशची खास वळणं त्याला कळत नाहीत. स्क्रिप्ट ‘एसएच’ने चालवून अडली तर ‘बॅश’ने चालवून पाहा.

जावा

जावात भांडण नावांचं असतं. क्लास पब्लिक असेल तर फाइलचं नाव तेच हवं, आणि लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं. क्लास मोठ्या एचने सुरू होणारा ‘हॅलो’ आणि फाइल लहान एचने, की जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, अडवतो. चालवताना ‘जावा हॅलो’ म्हणायचं, मागे .क्लास लावायचं नाही. लावलंत तर तो त्या नावाचा क्लास शोधत बसतो आणि मेन क्लास सापडला नाही म्हणतो. हाच संदेश दुसऱ्या कारणानेही येतो: लॅबमधल्या आयडीईतून (कोड लिहून तिथेच चालवायच्या सॉफ्टवेअरमधून) कोड उचलला की वर ‘पॅकेज’ची एक ओळ सोबत येते. पहिल्या प्रोग्रॅमसाठी ती काढून टाका आणि पुन्हा कंपाइल करा.

जावा आहे पण जावासी नाही, असं असेल तर चुकून जेआरई (नुसतं चालवण्यापुरतं जावा) टाकलंय, जेडीके (कंपायलरसकट) हवं. आणि जावा ११ पासून एका फाइलचा प्रोग्रॅम ‘जावा हॅलो.जावा’ एवढ्यावर थेट चालतो. सरावाला छान आहे, तरी परीक्षेला दोन्ही पायऱ्या यायला हव्यात.

कंपायलर बोलतोय तेव्हा

पंधरा चुका आल्या की मुलं शेवटची वाचून दाखवतात, कारण ती डोळ्यांसमोर असते. मी वर जायला लावते. पहिली चूक दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. बाकीच्या बहुधा तिचीच पिल्लं असतात.

वर्गमूळाचा प्रोग्रॅम मात्र दर वर्षी एकदा तरी सगळ्या वर्गाला अडवतो. मॅथ.एच इन्क्लूड केलंय, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. इथे बोलणारा कंपायलरही नाही, लिंकर आहे; शेवटच्या ओळीत ‘एलडी’ असं त्याचं नाव असतं. हेडर फाइलने फक्त ओळख करून दिली, खरं काम गणिताच्या लायब्ररीत आहे आणि ती वेगळी जोडावी लागते:

जीसीसी मूळ.सी -ओ मूळ -एलएम

-एलएम शेवटी. आधी लिहिलंत तर काही मशीनवर तीच चूक पुन्हा येते. आणि शेजारच्याचा प्रोग्रॅम त्याशिवाय कसा चालला? त्याने कंसात थेट १६.० लिहिलं होतं. ठरलेल्या संख्येचं वर्गमूळ जीसीसी कंपाइल करतानाच काढून टाकतो, लायब्ररीची गरजच उरत नाही. व्हेरिएबल आलं की गरज लागते.

वर्ड किंवा पीडीएफमधून कोड चिकटवला की वळणदार अवतरणचिन्हं येतात. जुना जीसीसी त्यावर ‘स्ट्रे ३४२’ अशी तक्रार करतो, एका चिन्हामागे तीनदा, कारण ते चिन्ह तीन बाइटचं असतं. पायथन सरळ ते चिन्हच दाखवून अमान्य म्हणतो. पुन्हा हाताने टाइप करा. पहिले प्रोग्रॅम तसेही हाताने टाइप केलेले बरे.

पायथनमध्ये फाइलचं नाव रँडम.पीवाय किंवा टर्टल.पीवाय ठेवू नका. इम्पोर्ट रँडम म्हटलं की पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये पाहतो, तुमचीच फाइल उचलतो आणि मग त्यात रँडइंट नाही म्हणतो. नाव बदला, एवढंच.

प्रोग्रॅम सुरू झाला, मग

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला तर आनंदाने ऐका: शेल, कर्नेल, कंपायलर या तिघांचं सगळं ठीक आहे, आता चूक तुमच्या कोडमध्ये आहे. पहिल्या महिन्यात दहातल्या नऊ वेळा स्कॅनएफमध्ये (सीमध्ये इनपुट घेणारं फंक्शन) व्हेरिएबलआधीचं & राहिलेलं असतं.

काहीच होत नाही, कर्सर नुसता लुकलुकतोय? प्रोग्रॅम अडकलेला नसेल, इनपुटची वाट पाहत असेल. विंडोजच्या सवयीने कंट्रोल-झेड दाबू नका. लिनक्सवर त्याने प्रोग्रॅम बंद होत नाही, बाजूला थांबून राहतो. बंद करायला कंट्रोल-सी. चुकून थांबवलाच असेल तर ‘एफजी’ टाइप करून परत आणा.

कोण बोललं हे कळतच नसेल, तर लगेच पुढची कमांड म्हणून ‘इको $?’ टाइप करा. १२७ आलं तर कमांड सापडली नव्हती, १२६ तर सापडली पण चालवता आली नाही, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. फोन करण्याआधी हा आकडा, तुम्ही टाइप केलेली कमांड आणि संदेशाची पहिली ओळ कागदावर लिहून ठेवा. माझी पाच मिनिटं वाचतात आणि तुमचा अर्धा तास.

आणि मराठीत नमस्कार

दर वर्षी कुणीतरी ‘हॅलो वर्ल्ड’ऐवजी ‘नमस्कार’ छापून पाहतं, आणि मला ते मनापासून आवडतं. प्रश्नचिन्हं आली तर ‘लोकॅल’ ही कमांड द्या. तिथे यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) दिसायला हवं, नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ नको. जोडाक्षर तुटलेलं दिसलं तर ती टर्मिनलची मर्यादा, प्रोग्रॅमची नव्हे. उत्तर फाइलमध्ये लिहून ती एडिटरमध्ये उघडा, अक्षर धड दिसेल.

लांबी मोजली की मात्र गोंधळ होतो. ‘नमस्कार’ची लांबी पायथन ७ सांगतो, सीमधलं एसटीआरलेन २१ सांगतं, आणि आपण पाटीवर मोजतो न-म-स्का-र, चार. पायथन हलन्त आणि काना धरून प्रत्येक चिन्ह मोजतो, सी प्रत्येक बाइट मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. दोघंही बरोबर आहेत. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कोडमध्ये १ असा आकडा पडला, तर पायथन ते अमान्य अक्षर म्हणून अडवतो. पण प्रोग्रॅम चालताना कुणी इनपुटला १२ असं देवनागरीत दिलं, तर पायथनचं इंट ते बिनबोभाट बारा म्हणून घेतं. सीचं स्कॅनएफ घेत नाही. करून पाहा, आणि दोन्ही वेळी काय दिसलं ते मला फोनवर सांगा.